जुनी जीप घरच्या घरी उभी करायचीय? आधी चेसी बघा, रंगाचा डबा सगळ्यात शेवटी

ती रील तुमच्याही फीडमध्ये आली असणार. पहिल्या तीन सेकंदांत गवतात रुतलेली, टायर बसलेली, बॉनेटवर कोंबड्यांनी संसार मांडलेली जुनी महिंद्रा जीप. मग ग्राइंडरच्या ठिणग्या, मागे ढिंच्याक म्युझिक, आणि चाळिसाव्या सेकंदाला तीच जीप मिलिटरी हिरव्या रंगात चिखल उडवत निघते. खाली शंभर जणांची एकच कमेंट, "भावा, खर्च किती आला?"

प्रश्न चुकीचा नाही, पण तो दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न असा की त्या जीपची चेसी कशी होती आणि तिच्यावर ठोकलेला नंबर कागदाशी जुळत होता का. कारण जीपचं बाकी सगळं बदलता येतं. इंजिन, गिअरबॉक्स, पत्रा, सीट, अगदी आख्खी बॉडी. बदलता येत नाही ती फक्त चेसी. आणि आपल्याकडचा पाऊस बरोबर तीच खातो.

आता हे आपल्याकडचं म्हणजे कुठलं? तर आसनगाव धरून चला. कसारा लोकल पकडली की कल्याणच्या पुढे आसनगाव लागतं, हे शहापूरचं स्टेशन. समोर माहुलीचा किल्ला, एका अंगाला तानसा, एका अंगाला भातसा. इथून किन्हवली, डोळखांब, आणि तसंच पुढे सरळगाववरून मुरबाड, टोकावडे, माळशेज. दिवसातून मोजक्या वेळा एसटी येणाऱ्या गावपाड्यांना बाजाराशी, दवाखान्याशी आणि स्टेशनाशी जोडून ठेवलं ते जीपने. आत बसले तितकेच मागे लटकलेले, टपावर भाजीच्या पाट्या. मग रस्ते झाले, रिक्षा आल्या, इको आल्या, पिकअप आले आणि जीप पडवीच्या बाजूला ताडपत्रीखाली गेली. भंगारवाला दर महिन्याला दारात येऊन भाव सांगतो आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, "राहू दे, कधीतरी चालू करू."

तर ते 'कधीतरी' करायचं कसं, त्याची ही गोष्ट.

आधी एक सांगा, जीपच का? आजची कुठलीही गाडी अंगणात उघडून बसायची हिंमत आपण करत नाही, मग जीपमध्ये असं काय आहे?

उत्तर दुसऱ्या महायुद्धात आहे. १९४०मध्ये अमेरिकन सैन्याला हलकी, चारही चाकांना ताकद देणारी गाडी हवी होती, तीही ताबडतोब. १३५ कंपन्यांना विचारणा झाली. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने ४९ दिवसांत पहिला नमुना उभा केला आणि पुढे विलीज आणि फोर्ड या दोघांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीप काढल्या. ही गाडी रणांगणावर बिघडणार, तिथे गॅरेज नसणार आणि दुरुस्त करणारा सैनिक काही इंजिनिअर नसणार, हे गृहीत धरूनच सगळं ठरलं. म्हणून खाली शिडीसारखी लोखंडी चेसी, तिच्यावर बोल्टने बसवलेली बॉडी, पुढेमागे सरळसोट अॅक्सल, लोखंडी पाटे आणि ज्याला हात घालाल तो भाग उघडा. सेन्सर नाही, स्कॅनर नाही. पाना आणि हातोडी एवढ्यावर बरंच काम होतं.

ही जीप आपल्याकडे आली मुंबईच्या मार्गाने. २ ऑक्टोबर १९४५ला महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी काढली. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात जाऊन तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. सुरुवातीला विलीजच्या जीप सुट्या भागांत यायच्या आणि इथे जोडल्या जायच्या. १९५४च्या सुमारास सीजे थ्रीबी हे उंच बॉनेटचं मॉडेल टप्प्याटप्प्याने इथेच बनायला लागलं. अमेरिकेत ते मॉडेल कधीच बंद पडलं, आपण मात्र त्याच सांगाड्याला थोडं लांब कर, थोडं रुंद कर, इंजिन बदल, नाव बदल, असं करत पुढची कित्येक दशकं चालवलं. पेट्रोलच्या जागी डिझेल हवं झालं तेव्हा महिंद्राने १९७९मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून इंजिनाचा परवाना घेतला आणि ही इंजिनं बनायला लागली ती इगतपुरीत. म्हणजे आसनगावच्या अंगणात पडलेल्या एमएम ५४०चं २११२ सीसीचं इंजिन कसारा घाटाच्या वरच्या अंगाला, इथून पन्नासेक किलोमीटरवर जन्मलेलं आहे.

या सगळ्या इतिहासाचा आपल्याला फायदा एकच, पण तो मोठा आहे. इतकी वर्षं थोड्याफार फरकाने तेच भाग बनत राहिल्यामुळे सामान अजून मिळतं. ब्रेकचे किट, किंगपिन, पाटे, क्रॉस, पूर्ण नवी बॉडीसुद्धा. अमेरिकेतले जुन्या विलीजचे शौकीनही भारतात बनलेले भाग मागवतात. मुंबईत जुन्या सामानासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आहेच. जाताना जुना भाग पिशवीत टाकून न्यायचा. "एमएम ५४०चा द्या" म्हणून चालत नाही, कारण तुमच्या जीपमध्ये आधीच्या मालकाने कशाचं काय बसवलंय हे फक्त त्यालाच माहीत.

आता मूळ मुद्दा. पाना हातात घ्यायच्या आधी आरसी बुक हातात घ्या.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर तपासणी होऊन दर पाच वर्षांनी नूतनीकरण. दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवरून जो गोंधळ चालू असतो, तो नियम महाराष्ट्राला लागू नाही. इथे तपासणीत पास झाली तर जुनी डिझेल जीपही चालते. पण स्वस्तात नाही. १ एप्रिल २०२२पासून मोटारीच्या या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली आणि ऑगस्ट २०२५मध्ये २० वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ती १०,००० रुपये करण्यात आली. महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. मुदत उलटून वर्षं झाली असतील तर विलंब शुल्क महिन्यांच्या हिशोबाने चढतं. हा आकडा सामान घेण्याच्या आधी आरटीओतून काढून आणा, नाहीतर जीप तयार होते आणि दाराबाहेर काढायला पैसे उरत नाहीत.

जीप दुसऱ्याकडून घेत असाल तर आणखी बघायचं. एमपरिवाहन अॅपवर नंबर टाका. नोंदणी चालू आहे, संपलीय की रद्द झालीय ते कळतं. जीप काळी-पिवळी म्हणून चालली असेल तर परवाना जमा करून खासगी करून घ्यावी लागते. कधीकाळी बँकेचं किंवा पतपेढीचं कर्ज होतं आणि बोजा उतरवलाच नाही, असं तर हमखास सापडतं. मूळ मालक वारला असेल तर वारसांच्या सह्या. आणि लष्कराच्या लिलावातली जीप आहे असं सांगितलं तर लिलावाचे कागद बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका. हरियाणातलं डबवाली गाव जुन्या जीप नव्याने बांधून देण्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे, तिथल्या गाड्या दिसायला एक नंबर असतात. पण जीप कितीही देखणी असली तरी एका जीपचे कागद आणि दुसऱ्या जीपची चेसी असा प्रकार निघाला, तर ती तुमच्या अंगणातली चोरीची किंवा बनावट गाडी ठरू शकते.

हे पकडलं कसं जातं? आरटीओतला माणूस चेसीवर ठोकलेल्या नंबरवर कागद ठेवतो आणि पेन्सिल घासून ठसा घेतो. बस. तो ठसा आरसीवरच्या आकड्यांशी जुळला पाहिजे. आता रीलमधला तो ग्राइंडर आठवा. गंज काढायच्या नादात नंबराच्या जागेवर वायर कप फिरवला की दोन आकडे गायब. पुन्हा नंबर मारायचा तर आरटीओची परवानगी, अर्ज, चौकशी, सगळं आलं. म्हणून चेसी नंबरची जागा आधी शोधा, तिथे रॉकेल आणि मऊ ब्रश एवढंच वापरा, फोटो काढा, स्वतः पेन्सिलीने ठसा घेऊन बघा आणि वर ग्रीसचा हात मारून चिकटपट्टी लावून ठेवा. पूर्ण कामात ही पंधरा मिनिटं सगळ्यात मोलाची आहेत.

कागद जुळले? मग आता खाली शिरायचं.

पण शिरायच्या आधी जीप उचलणार कशावर? इथे आसनगावच्या आसपास वीटभट्ट्या भरपूर, त्यामुळे विटा फुकट मिळतात आणि जॅक लावून खाली विटांची चळत रचायची सवय सगळीकडे दिसते. कृपा करून हे करू नका. वीट दाब सहन करते, सहन करते आणि मग काही न सांगता फुटते. टनाच्या वर वजनाची जीप खाली येते तेव्हा खाली माणूस असतो. जॅक फक्त उचलायला, टेकवायला लोखंडी घोडी. घोडी नसेल तर जाड लाकडी ठोकळे आडवे-उभे रचून. आणि उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडणी.

खाली गेल्यावर एक छोटी हातोडी आणि एक जुना स्क्रूड्रायव्हर घ्या. चेसीवर टकटक करत पुढून मागे जा. घट्ट लोखंड टणटण वाजतं, आतून सडलेलं थपथप. शंका आली तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा, आत गेला तर भोक समजा. सगळ्यात वाईट जागा ठरलेल्या असतात. जिथे पाटे चेसीला अडकतात ते हँगर, मागचा आडवा तुकडा, आणि बॉडीचे बोल्ट जिथे बसतात ते कान. कारण साधं आहे. गंजायला लोखंड, हवा आणि पाणी लागतं. पाऊस चेसीवरून निथळून जातो, त्याने तितकं बिघडत नाही. बिघडतं ते भातखाचरातल्या चिखलाने. तो चेसीच्या पोकळीत जाऊन बसतो आणि ओल्या फडक्यासारखा महिनोन्‌महिने लोखंडाला चिकटून राहतो. वरून ऊन पडलं तरी आत ओलच. शेणखत किंवा युरिया वाहिलेली जीप असेल तर त्यातल्या क्षारांनी गंजाचा वेग आणखी वाढतो. आठ-दहा पावसाळे उघड्यावर काढलेल्या जीपमध्ये बॉडी फाटकी आणि चेसी ठणठणीत असंही निघतं, आणि चकचकीत बॉडीखाली चेसीचा भुगा असंही निघतं. म्हणून वरून बघून कधीच भाव करू नये.

वरवरचा गंज असेल तर काम घरचं आहे. चिखल खरवडा, पाण्याच्या प्रेशरने पोकळ्या धुवा, दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळू द्या, मग वायर ब्रश. उरलेल्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर लावा. त्यातलं फॉस्फोरिक आम्ल गंजाचं रूपांतर फॉस्फेटच्या काळपट थरात करतं आणि त्यावर प्रायमर धरतो. मग रेड ऑक्साइड किंवा इपॉक्सी प्रायमर, वर काळा रंग, आणि पोकळ्यांत मेणाचा स्प्रे. आपल्याकडे गाडीखाली जळकं ऑइल फासायची पद्धत आहे. गंज थोडा थांबतो हे खरं, पण ते रबरी बुश आणि ब्रेकचे पाइप फुगवतं, अंगणातल्या मातीत आणि तिथून विहिरीच्या दिशेने जातं, आणि कातडीला सतत लागणं आरोग्याला घातक आहे. मेण किंवा ग्रीसवालं कोटिंग थोडं महाग पडतं, ते घ्या.

चेसीला भोक असेल तर मात्र हौशी वेल्डिंग नको. वर नुसता पत्रा चिकटवला की दिसत नाही, पण ताण त्याच कुजक्या जागेवर येतो आणि जीप खड्ड्यात आदळली की बाजूने फाटते. सडलेला भाग कापून, त्याच जाडीचं लोखंड घालून, मापं घेऊन काम करणारा माणूस शोधा. ट्रकच्या बॉडीचं काम करणाऱ्याकडे ही नजर असते. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी काढायच्या आणि डिझेलची टाकी उतरवून लांब ठेवायची. "टाकी रिकामी आहे" हे वाक्य सगळ्यात धोक्याचं, कारण भडका द्रवापेक्षा वाफेचा होतो आणि रिकाम्या टाकीत वाफच भरलेली असते.

सुटे करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक म्हणजे पाने. जीपचा मूळ सांगाडा अमेरिकन, त्यामुळे चेसी-अॅक्सलकडचे बरेच बोल्ट इंची, आणि इंजिन फ्रेंच, म्हणून तिकडचे मिलिमीटरचे. तेरा नंबरचा पाना अर्ध्या इंचाच्या बोल्टला 'जवळजवळ' बसतो आणि मग डोकं गोल करून ठेवतो. दोन्ही सेट लागतात. दुसरं म्हणजे फोटो. उघडायच्या आधी चार बाजूंनी काढा, बोल्ट पिशवीत घालून पिशवीवर लिहा. नुसतं "लक्षात राहील" यावर अनेक जीप कायमच्या सुट्या राहिल्यात.

यानंतर सगळ्यांचा हात इंजिनाकडे जातो. धूर निघाला की व्हिडिओ करता येतो ना! पण आधी ब्रेक करा. चालू न होणारी जीप कोणाला मारत नाही.

जुन्या जीपच्या अनेक मॉडेलमध्ये ब्रेकचा एकच सर्किट असतो. म्हणजे चारपैकी एका चाकाकडचा पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. माळशेज उतरताना हे झालं तर हँडब्रेक आणि गिअर एवढंच हातात उरतं. म्हणून इथे काटकसर नाही. मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर, रबरी होस, सगळं नवीन. लोखंडी पाइप गंजलेले असतील तर तेही. ड्रम उघडताना आतली धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा.

ब्रेक ऑइल दिसायला स्वच्छ असलं तरी जुनं फेकायचं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ दर्जाचं नवं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पाणी प्यायलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. घाटात ड्रम तापले की ते उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. आणि संपलंय म्हणून ब्रेकच्या डबीत इंजिन ऑइल ओतलेल्या जीपही निघतात. त्याने आतली सगळी रबरं फुगून जातात. पाइपातली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. डिझेल जीपला ब्रेक बूस्टर असेल तर त्याला लागणारं व्हॅक्यूम वेगळ्या पंपातून येतं, सहसा अल्टरनेटरच्या मागे बसवलेल्या. तो दमला असेल तर बाकी सगळं नवं घालूनही पेडल दगडासारखं लागतं.

ब्रेकसोबत स्टिअरिंग. पन्नासच्या वेगात खड्डा लागला आणि पुढची चाकं थयथया नाचायला लागली, असा अनुभव जीप चालवलेल्या प्रत्येकाकडे असतो. लोक व्हील बॅलन्सिंग करत बसतात. बहुतेक वेळा दोष किंगपिनच्या बेअरिंगमध्ये नाहीतर टायरॉडच्या टोकांत असतो. चाक उचलून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा, कुठे खेळ आहे ते हाताला कळतं. आणि टायरची नक्षी बघून फसू नका. बाजूवर चार आकडे असतात, २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. असा टायर कितीही भरलेला दिसला तरी त्याचं रबर मेलेलं आहे.

आता इंजिन. वर्षानुवर्षं बंद असलेल्या डिझेल इंजिनाला थेट बॅटरी लावून स्टार्टर मारणं हा सगळ्यात महाग शॉर्टकट आहे. आत रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असू शकतात आणि या इंजिनात हवा वीसेक पट दाबली जाते. जोर लावला की काहीतरी तुटणार. नोझल किंवा हीटर प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, एक-दोन दिवस थांबा आणि पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवा. फिरलं तर निम्मी लढाई जिंकली. टाकीतलं डिझेल पूर्ण काढून टाका, खाली पाणी आणि चिकट गाळ हमखास असतो. फिल्टर नवे, ऑइल नवं, रेडिएटर धुतलेला. डिझेलच्या लाइनमध्ये हवा राहिली तर इंजिन दहा दिवस स्टार्टर मारला तरी उचलणार नाही, म्हणून हातपंप मारून एअर काढायची. प्यूजोच्या या इंजिनाला थंडीत हीटर तापवल्याशिवाय सुरू व्हायचं वावडं आहे, तेव्हा हीटर प्लगना करंट येतोय का तेही बघा.

चालू झालं की धुराकडे बघा. काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी, आधी एअर फिल्टर आणि नोझल. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबला नाही आणि पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. पंप आणि नोझलचं काम घरी करू नका, त्याला कॅलिब्रेशनचं मशीन लागतं. क्लच, गिअरबॉक्स घरी उतरवता येतो, पण दोन माणसं आणि एक चेन पुली हवीच.

वायरिंगबद्दल एवढंच सांगतो की उंदरांनी खाल्लेलं जुनं वायरिंग जोडत बसू नका, पूर्ण नवं टाका आणि प्रत्येक लाइनला फ्यूज द्या.

बरं, तुमची जीप खरंच फोर बाय फोर आहे का? हे विचारायचं कारण, प्रवासी वाहतुकीतल्या बऱ्याच जीप टू व्हील ड्राइव्ह होत्या. पुढच्या अॅक्सलच्या मधोमध डिफरन्शिअलचा गोळा नसेल तर चिखलात ती साधी गाडीच आहे. गोळा असेल तर गिअरच्या शेजारचे छोटे दांडे ट्रान्स्फर केसचे. त्यातला लो टाकला की चाकांना मिळणारा जोर जवळपास अडीच पट होतो आणि वेग तितकाच कमी. पण या जीपमध्ये पुढचे आणि मागचे शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, चिखलात ती घसरून हिशोब जुळवतात. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नाही, म्हणून ताण गिअरवर येतो आणि काहीतरी मोडतं. दाखवण्यासाठी हायवेवर फोर व्हील टाकणारे असतात, त्यांच्या गिअरबॉक्सवाल्याचा बंगला होतो.

बॉडीचं काम तुलनेने सोपं आणि त्यातच लोक सगळे पैसे घालवतात. पत्रा बदला, पुट्टी कमी लावा, मूळ आकार ठेवा. तो आकार आहे किमती! महिंद्राने २०१८मध्ये अमेरिकेत रॉक्सर नावाची फक्त शेतात आणि रानात चालवायची गाडी आणली, तेव्हा तिचं तोंड आमच्या जीपसारखं दिसतं म्हणून जीप कंपनीने तिथल्या व्यापार आयोगाकडे तक्रार केली आणि २०२०मध्ये जिंकलीही. महिंद्राला गाडीचा चेहरा बदलावा लागला.

आणि तुमच्या डोक्यात मोठे टायर, वाढवलेली उंची, दुसऱ्या गाडीचं इंजिन असलं काही असेल तर थांबा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि ९ जानेवारी २०१९च्या निकालात सुप्रीम कोर्टाने तेच ठासून सांगितलं. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद. पुढे लावतात ते लोखंडी बुल बारही २०१७मध्ये केंद्राने बेकायदा ठरवलेत. उलट जीप मूळ रूपात ठेवली आणि पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाली असतील, तर २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंद करता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. मात्र ती रोज बाजाराला नेता येत नाही, प्रदर्शन, रॅली अशा कारणांपुरतीच रस्त्यावर.

कामाचं वेळापत्रक पावसाला विचारून ठरवा. दिवाळी झाली की जीप उघडायची. थंडीत चेसी आणि ब्रेक, संक्रांतीनंतर इंजिन, आणि मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत प्रायमर. जूनमध्ये उघडा पत्रा अंगणात राहिला तर आठवड्यात तांबूस होतो, आणि दमट हवेत मारलेल्या रंगाखाली ओल अडकून पुढच्या वर्षी फुगे येतात.

तपासणी होऊन नोंदणी आणि विमा हातात आला की पहिला फेरा प्रायमरवरच काढा. आसनगाव ते किन्हवली आणि परत, सपाटीचा रस्ता, सोबत जॅक, पाणी आणि एक माणूस. माहुलीच्या पायथ्याच्या रानात घुसायचा मोह आवरा, तो भाग तानसा अभयारण्याला लागून आहे आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय आत गाडी घातली तर जप्त होऊ शकते. ओढ्यातून गेलात तर बाहेर आल्यावर थोडं अंतर ब्रेक हलकेच दाबत चालवा, ड्रममध्ये शिरलेलं पाणी वाळेपर्यंत ब्रेक लागत नाही.

घरी आल्यावर चाकांचे नट आणि पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळा, नवे बोल्ट पहिल्या फेऱ्यात ढिले होतातच. जीपखाली पुठ्ठा सरकवून ठेवा, सकाळी त्यावर कुठे कसला थेंब पडलाय ते दिसेल. आणि उतरल्या उतरल्या चारही हबजवळ हाताची पाठ नेऊन बघा. सगळे सारखे कोमट असतील तर ठीक. एकच चटका देत असेल तर त्या चाकाचा ब्रेक धरून राहिलाय किंवा बेअरिंग जास्त आवळलंय, ते मोकळं करून पुन्हा तोच फेरा. असे चार-पाच फेरे तक्रारीशिवाय झाले की मग रंग कुठला मारायचा यावर घरात भांडायला हरकत नाही.